पिवळं इंजेक्शन आणि अंगावरचं दूध

बाळंतिणीच्या डोळ्यांची काळजी आपल्या आज्या-पणज्यांनी काही कमी केलेली नाही. वाचत बसू नकोस, शिवणाला हात लावू नकोस, वाऱ्यात जाऊ नकोस, कान बांध! पण या काळजीचा एक उलटा परिणामही होतो. तीन आठवड्यांची बाळंतीण म्हणाली, "उजव्या डोळ्यानं मधोमध अंधुक दिसतंय," की घरात उत्तर तयारच असतं. "अशक्तपणा आहे गं. रात्रीची जागरणं. लाडू खा, म्हणजे होईल बरं."

लाडू जरूर खावा. पण एका डोळ्यापुढे करडा डाग येणं, दाराची चौकट किंवा फरशीची रेघ वाकडी दिसणं, एका डोळ्याला रंग फिके वाटणं ही काही अशक्तपणाची लक्षणं नव्हेत. डोळ्याच्या आतल्या पडद्याचं काहीतरी बिनसलं आहे, असं ती सांगत असतात. गरोदरपणात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत पडद्याखाली पाणी साठण्याचा एक विकार होऊ शकतो. गरोदरपणात रक्तदाब फार चढला असेल तर त्याचाही परिणाम पडद्यावर होतो. आणि ज्यांना लग्नाआधीपासून किंवा दिवस राहण्याच्या आधीपासून मधुमेह आहे, त्यांच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या गरोदरपणात झपाट्यानं बिघडू शकतात. म्हणून अशा बायकांनी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरही वर्षभर डोळे तपासून घ्यावेत, असं तज्ज्ञ सांगतात. (फक्त गरोदरपणापुरती साखर वाढलेल्यांना ही भीती सहसा नसते.)

तर अशी एखादी बाळंतीण डोळ्यांच्या दवाखान्यात जाते. डॉक्टर थेंब घालतात, दिवा टाकून बघतात आणि म्हणतात, "पडद्याचे फोटो काढावे लागतील. हाताच्या शिरेतून रंगाचं इंजेक्शन देऊ. अर्ध्या तासाचं काम." आणि मग तिच्या मनात पहिला प्रश्न येतो तो डोळ्याचा नव्हे. "पण मी अंगावर पाजते आहे, चालेल का?"

या प्रश्नाला तिला तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो चार दिवस पाजू नका. दुसरा म्हणतो काही होत नाही, पाजा. तिसरा म्हणतो बाळाच्या डॉक्टरांना विचारा. आणि ते नेमके त्या दिवशी गावाला गेलेले असतात! मग घरात ठरतं, "राहू दे आता. बाळ मोठं झालं की बघू डोळ्याचं." किंवा बाळाला बाटली लागते आणि ती पुढे सुटतच नाही. मला या दोन्ही गोष्टी फार महाग वाटतात. पहिलीत आईची नजर जाऊ शकते आणि दुसरीत बाळाचं दूध. आणि बहुतेक घरांत या दोन्हींची काहीच गरज नसते.

म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते. बाळ पुऱ्या दिवसांचं असेल, घरी असेल आणि तब्येतीनं ठणठणीत असेल, तर या तपासणीसाठी दिवसचे दिवस अंगावरचं दूध तोडण्याचं कारण नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, किंवा काविळीसाठी त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी आहे. ती पुढे सांगतेच.

ही तपासणी म्हणजे काय?

हिचं नाव फ्लुओरेसीन अँजिओग्राफी. अँजिओग्राफी म्हटलं की आपल्याला मामंजींचं हृदयच आठवतं आणि पोटात गोळा येतो. ही ती नव्हे. हिच्यात मांडीतून नळी घालणं नाही, भूल नाही, क्ष-किरणही नाहीत. हनुवटी टेकवून कॅमेऱ्यासमोर बसायचं. हाताच्या शिरेत फ्लुओरेसीन नावाचा पिवळा-केशरी रंग सोडतात. दहा-पंधरा सेकंदांत तो रक्तातून डोळ्यापर्यंत पोचतो. निळा उजेड पडला की हा रंग हिरवट पिवळा चमकतो, आणि पडद्याच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फोटोत लख्ख दिसतात. कुठे गळतंय, कुठे रक्त पोचतच नाही, ते डॉक्टरांना कळतं. दहा-पंधरा मिनिटं अधूनमधून फोटो घेतात आणि संपलं.

हा रंग काही नवा नाही. १८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी तो पहिल्यांदा तयार केला. पुढे १८७७ साली तिकडे त्याचा एक गमतीदार उपयोग झाला. डॅन्यूब नदीचं पाणी एके ठिकाणी जमिनीत गडप होतं, ते जातं कुठे, हे शोधायला लोकांनी तिच्यात हा रंग ओतला. अडीचएक दिवसांनी तो कित्येक किलोमीटरवरच्या आख नावाच्या झऱ्यात हिरवागार होऊन वर आला! पाण्याची वाट दाखवणारा हा रंग रक्ताचीही वाट दाखवील, हे माणसाच्या डोळ्यावर नीट करून दाखवलं ते अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होट्नी आणि आल्विस या दोघांनी. त्यांचा लेख १९६१ साली छापून आला. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ जगभर हे इंजेक्शन दिलं जातंय.

दुधात किती उतरतं?

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. हा रंग आईच्या दुधात उतरतो का? उतरतो. ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत या इंजेक्शनबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की, हा रंग चार दिवसांपर्यंत दुधात सापडला आहे, तेव्हा पाजणाऱ्या आईला देताना सावधगिरी बाळगावी. "चार दिवस पाजू नका" असं कुणी सांगितलं, तर त्याचं मूळ बहुधा अशा कागदात असतं. पण सापडणं वेगळं आणि अपाय होईल इतकं असणं वेगळं. वरणात मोहरी सापडते म्हणून वरणाला कुणी मोहरी म्हणत नाही.

किती सापडलं, तेही मोजलेलं आहे. १९९० साली एका आईच्या दुधाची तपासणी प्रसिद्ध झाली. तिला नेहमीच्या मापाचं, म्हणजे ५०० मिलिग्रॅम रंगाचं इंजेक्शन दिलं होतं. सहा तासांनी तिच्या एक मिलिलिटर दुधात ३७२ नॅनोग्रॅम रंग होता, आणि ७६ तासांनी १७०. नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग. हे आकडे नुसते वाचून काही उमगत नाही, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन घरगुती हिशेब केला. चार किलोचं बाळ दिवसाला साधारण ६०० मिलिलिटर दूध पितं. दिवसभराच्या सगळ्या दुधात सहा तासांनंतरचाच, म्हणजे जास्तीचा आकडा धरला, तरी बाळाच्या पोटात रंग जातो तो पाव मिलिग्रॅमहून कमी. बारीक मिठाचे तीन-चार कण चिमटीत घ्या, तेवढा!

आणखी एक तुलना बघा. लहान मुलांच्या डोळ्यांसाठीसुद्धा ही तपासणी करावी लागते. तेव्हा मुलाच्या वजनाच्या दर किलोला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास रंग थेट शिरेतून देतात. म्हणजे चार किलोच्या बाळाला तीसएक मिलिग्रॅम. त्यापुढे दुधातून तोंडावाटे जाणारं पाव मिलिग्रॅम म्हणजे शंभराहून अधिक पटींनी कमी झालं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००१ साली पाजणाऱ्या आयांसाठी औषधांची मोठी यादी काढली होती. तिच्यात हा रंग, अंगावर पाजताना सहसा चालतो, अशा औषधांतच घातलेला आहे.

एका आईच्या दुधावरून सगळं जग कसं ठरवायचं, असं कुणी विचारील. विचारणं बरोबरच आहे. म्हणूनच काही डॉक्टर पहिले काही तास थांबा म्हणतात, कुणी बारा तास म्हणतात, कुणी एक दिवस. शरीरातला बहुतेक रंग लघवीवाटे दीड दिवसात निघून जातो, आणि सगळ्यात जास्त तो पहिल्या काही तासांतच जातो. तेव्हा एक-दोन वेळचं दूध पिळून टाकण्याला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती चार दिवसांना. तान्हं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पितं. चार दिवस म्हणजे चाळीसएक वेळा! तितक्या वेळा पाजलं नाही तर छाती दाटते, गाठी होतात, कधी ताप भरतो, दूध आटायला लागतं. आणि चार दिवसांत बाटलीच्या बोंडाची सवय झालेलं बाळ पाचव्या दिवशी आईकडे तोंड फिरवतं. मिठाच्या चार कणांसाठी ही किंमत फार झाली.

कुणी थांबायलाच हवं

हा भाग घाईनं वाचू नका. फ्लुओरेसीन हा उजेडाला जागणारा रंग आहे. काविळीसाठी बाळाला जो निळा उजेड देतात, नेमका तोच याला चेतवतो. १९८५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाची हकीगत प्रसिद्ध केली. त्या बाळाला रंगाचं इंजेक्शन दिलं होतं आणि ते उजेडाच्या उपचाराखालीही होतं. त्याच्या कातडीवर भाजल्यासारखे फोड आले. त्या बाळाला रंग थेट शिरेतून दिला होता, आईच्या दुधातून नव्हे. त्या दोन्हींच्या मापात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तरीही बाळ दिव्याखाली असेल तेव्हा इतकाही धोका पत्करू नये, हेच शहाणपणाचं.

म्हणून बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत असेल, निळ्या दिव्याखाली असेल, किंवा चार-पाच दिवसांचं असून अंगावर पिवळेपणा असेल आणि दिव्याखाली ठेवावं लागेल असं डॉक्टर म्हणत असतील, तर आधी बाळाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नये. ते सांगतील तितके दिवस त्या वेळचं दूध बाळाला द्यायचं नाही. पण पिळायचं मात्र चालू ठेवायचं, दिवसातून आठ वेळा, रात्रीसुद्धा. नाही तर दिव्याखालून बाळ बाहेर येईल तेव्हा दूध उरलेलं नसेल. डोळ्याची तपासणी चार-आठ दिवस पुढे ढकलता येईल का, हेही विचारावं. कधी येते, कधी नाही.

ज्या आईचं मूत्रपिंड नीट काम करत नाही, तिनंही आधी सांगायला हवं. तिच्या अंगातून रंग बाहेर पडायला जास्त वेळ लागतो.

त्या दिवशीची तयारी

तपासणीची तारीख ठरवतानाच सांगा, "डॉक्टर, माझं बाळ अमुक महिन्यांचं आहे आणि मी अंगावर पाजते." आपण होऊन सांगावं लागतं, कारण गर्दीच्या दवाखान्यात हे विचारायचं राहून जातं. मग हा प्रश्न करा, "इंजेक्शनाशिवायच्या तपासणीनं भागेल का?" ओसीटी नावाची एक तपासणी आहे. तिच्यात उजेडाच्या साहाय्यानं पडद्याचे थर दिसतात. सुई नाही, रंग नाही. रंगाशिवाय रक्तवाहिन्या दाखवणारी तिची एक नवी तऱ्हाही मोठ्या शहरांतल्या बऱ्याच दवाखान्यांत आली आहे. पण गळती कुठे होते आहे, हे ती रंगासारखं दाखवू शकत नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नाही ताई, रंगच हवा," तर हट्ट धरू नये.

थांबायचं ठरलं असेल तर दोन-तीन दिवस आधीपासून थोडं थोडं दूध काढून ठेवावं. सकाळचं पाजणं झाल्यावर काढलं तर जमतं. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला (दारात नव्हे) ते चार दिवस टिकतं. बाहेर चार तास, आणि आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात त्याहूनही कमी. विस्तवावर तापवायचं नाही, कोमट पाण्यात भांडं उभं करून ठेवायचं. आणि पाजताना बाटली शोधू नका. वाटी-चमचा आहे, घरात जुनं बोंडलं असेल तर फारच छान. आजेसासूबाई एका हातानं बोंडल्यानं कशा पाजतात, ते तरी बघायला मिळेल! बाळानं वाटीत टाकलेलं दूध परत ठेवायचं नाही.

दवाखान्यात जाताना सोबत कुणीतरी हवंच. बाळाला घेणारं एक माणूस, आणि घरी नेणारं एक. ते एकच असलं तरी चालेल, पण स्कूटर तुम्ही चालवायची नाही. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसत नाही. (थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटानं मिनिटभर दाबून धरला, तर ते अंगात कमी जातात. या थेंबांसाठी पाजणं थांबवायला नको.) तशा नजरेनं बाळाला कडेवर घेऊन जिना उतरू नये आणि त्याच्या औषधाचे थेंब मोजू नयेत. ते काम त्या संध्याकाळी बाळाच्या बाबांचं.

सैल बाह्यांचा, जुना ब्लाउज घाला, कारण रंगाचा डाग पडतो. घरून थोडं खाऊन जा, पण पोट तडस लागेपर्यंत नको. अगदी आत जायच्या आधी बाळाला पोटभर पाजून घ्या. याचा दुहेरी फायदा होतो. बाळ तास-दोन तास शांत राहतं आणि पुढच्या पाजण्यापर्यंत तुमचा वेळ आपोआप सरतो.

इंजेक्शननंतर अर्ध्या-एक मिनिटात काही जणींना मळमळतं, कुणाला उलटी होते. मिनिट-दोन मिनिटांत ते जातं. घाबरू नका, लांब श्वास घ्या. त्या वेळी बाळ मांडीवर नको, एवढंच. सुईच्या जागी एकदम आग झाली तर गप्प बसू नका, लगेच सांगा. रंग शिरेबाहेर गेला तर फार झोंबतो. अंगाला खाज सुटणं, गांध्या उठणं, घसा दाटणं, श्वास लागणं, यांतलं काही वाटलं तरी तिथल्या तिथे सांगायचं. मोठी रिअॅक्शन क्वचितच येते, पण येते, म्हणूनच अर्धा तास बसवून ठेवतात. कंटाळून लवकर उठू नका. दमा असेल, पूर्वी कुठल्या औषधाची रिअॅक्शन आली असेल, तर ते आधीच सांगितलेलं बरं.

आणि घरी आल्यावर सासूबाईंना दारातच सांगून ठेवा! तुमचा चेहरा, हात काही तास पिवळट दिसतील आणि लघवी दिवस-दीड दिवस भडक पिवळी होईल. ही कावीळ नव्हे. न सांगता घरात शिरलात, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला तुमच्या काविळीची बातमी लागलेली असेल आणि कुणीतरी माळ घेऊन हजर होईल. पाणी भरपूर प्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कडक उन्हात फिरू नका. रक्ता-लघवीची कुठली तपासणी ठरली असेल तर ती आदल्या दिवशीच उरकून घ्या, कारण पुढचे तीन-चार दिवस या रंगामुळे काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. मधुमेहाच्या बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

छाती भरून आली आणि थांबायची वेळ अजून संपली नसेल, तर सोसत बसू नका. बरं वाटेल इतकं दूध पिळून टाका. ते टाकताना जिवाला लागतं, हे मला ठाऊक आहे. पण ते एक-दोन वेळचंच.

कधी कधी डॉक्टर दुसरा, हिरवा रंग वापरतात. त्याचं नाव इंडोसायनिन ग्रीन. तो यकृतातून बाहेर पडतो, रक्तातून काही मिनिटांतच ओसरू लागतो आणि पोटात गेला तरी आतड्यातून अंगात शोषला जात नाही. तेव्हा दुधाच्या दृष्टीनं त्याची काळजी आणखीच कमी. मात्र त्यात आयोडीन असतं. आयोडीनची अॅलर्जी असेल तर तसं सांगायला हवं.

फोटोंवरून पुढचे उपचार ठरतात. पडद्याखालचं पाणी पुष्कळदा बाळंतपणानंतर आपोआप ओसरतं, आणि डॉक्टर नुसतं थांबायला सांगतात. अशा वेळी तुम्ही कसल्याही स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा मलम वापरत असाल तर ते त्यांच्या कानावर घाला, कारण या विकाराला स्टिरॉइड चिघळवतं. लेझर करायचं ठरलं तर दुधाचा प्रश्नच येत नाही, त्यात औषध अंगात जात नाही. पण डोळ्यात औषधाचं इंजेक्शन द्यायचं म्हणाले, तर पाजण्याचा प्रश्न नव्यानं विचारायचा. तो रंग वेगळा, हे औषध वेगळं. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नये. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डामागे इंजेक्शनची तारीख आणि रंगाचं नाव लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी बाळाच्या डॉक्टरांनी विचारलं तर आठवत बसावं लागणार नाही.